हरि नारायण आपटे : यमूची गोष्ट सांगणारे कादंबरीकार



आजचा लेख एका अशा लेखकावर आहे, ज्यांचं नाव आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय, पण ज्यांचं पुस्तक आपल्यातल्या फार थोड्यांनी हातात घेतलंय. हरि नारायण आपटे, म्हणजेच हरिभाऊ. डी.एड.ला असताना मी जोड्या लावा या प्रश्नात त्यांच्या नावापुढे पण लक्षात कोण घेतो? ही कादंबरी लावायची. एक गुण मिळायचा आणि विषय संपायचा.

मागच्या वर्षी केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत गप्पा निघाल्या. निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले की हरिभाऊंची उषःकाल त्यांनी आठवीत असताना दोन रात्रींत वाचली होती. दुसऱ्या मॅडमच्या मते गड आला पण सिंह गेला हीच सगळ्यात चांगली. तिसऱ्या बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सांगितलं की त्यांच्या आजीने पण लक्षात कोण घेतो? वाचून कितीतरी दिवस कोणाशी धड बोलणं केलं नव्हतं. डबा संपेपर्यंत आवडती कादंबरी कोणती यावर छान वाद रंगला. मी मात्र नुसती ऐकत होते, कारण मी त्यातली एकही वाचली नव्हती. मला लाज वाटली, खरं सांगते. उन्हाळी सुट्टीत वाचनालयातून एकेक आणून वाचायला बसले. त्यातून हा लेख झाला.

जन्म आणि बालपण

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. आज हे गाव जळगाव जिल्ह्यात आहे. ते लहान असतानाच त्यांची आई वारली. आईविना वाढलेल्या या मुलाचे बालपण आधी मुंबईत आणि नंतर पुण्यात गेले. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या हायकोर्टात नावाजलेले वकील होते. या काकांचा हरिभाऊंच्या आयुष्यावर मोठा प्रभाव पडला.

एकत्र कुटुंब, घरात माणसांची वर्दळ, विधवा आत्या-मावश्या, लहान वयात लग्न होऊन आलेल्या सुना, सोवळं-ओवळं आणि सासुरवास हे सगळं त्या काळच्या कोणत्याही पांढरपेशा घरात दिसायचं. त्यावेळच्या रीतीप्रमाणे हरिभाऊंचे स्वतःचे लग्नही लहान वयातच झाले. तेव्हा पुढे त्यांनी जे लिहिलं, ते ओळखीच्या माजघरातलं लिहिलं. लांब उभं राहून पाहिलेलं नव्हतं ते.

शाळा, मोठे शिक्षक आणि गणित

शिक्षक म्हणून मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडला. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर अशी माणसं तिथे शिकवत होती. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी. असे शिक्षक एकाच शाळेत मिळणं म्हणजे काय भाग्य, विचार करा!

१८८२ साली विष्णुशास्त्री अकाली वारले. तेव्हा हरिभाऊ अठरा वर्षांचे होते. आपल्या गुरूंच्या जाण्यावर त्यांनी शिष्यजनविलाप हे काव्य लिहिले. म्हणजे त्यांच्या लिखाणाची सुरुवातच एका विद्यार्थ्याच्या दुःखातून झाली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित या नावाने मराठी भाषांतर केले. हरिभाऊंनी या भाषांतराची दीर्घ चिकित्सा लिहून छापली. शिष्याने गुरूच्या पुस्तकातल्या उणिवा जाहीरपणे दाखवल्या. हे वाचताना माझ्या मनात आलं, फळ्यावर माझ्याकडून ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली आणि चौथीतल्या मुलाने हात वर करून ती दाखवली, तर माझा चेहरा कसा होतो? तुम्हीही जरा आठवून पाहा.

पुढे हरिभाऊ कॉलेजात गेले. इंग्रजी, संस्कृत, मराठी या विषयांत त्यांची गती दांडगी. पण गणित काही जमेना. गणितामुळे त्यांची गाडी अडली आणि शेवटपर्यंत त्यांना पदवी मिळाली नाही. पालकहो, प्रगतिपुस्तकात एका विषयाखाली लाल रेघ दिसली की आपण मुलाच्या सगळ्या भविष्यावर काट मारतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. याच माणसाला १९१५ साली मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने द्यायला बोलावले. स्वतः पदवीधर नसलेला माणूस विद्यापीठात पदवीधरांना भाषेचा इतिहास समजावून सांगत होता.

त्यांच्या आधीची मराठी कादंबरी

हरिभाऊंनी काय नवीन केलं हे कळायला आधी काय होतं ते पाहायला हवं. १८५७ साली बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन आली. तिच्यात विधवांच्या दुःखाचा विषय होता. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला आली. ती अद्भुत प्रसंगांनी भरलेली होती आणि लोकांना फार आवडली. मग तशाच कादंबऱ्यांचे पेव फुटले. राजपुत्र, राजकन्या, गुप्त खलिते, योगायोगाने होणाऱ्या भेटी आणि शेवटी लग्न असा सगळा मामला. १८७१ साली रा. भि. गुंजीकर यांची मोचनगड ही ऐतिहासिक कादंबरी आली.

त्याच सुमारास इंग्रजी शिकलेली तरुण मंडळी इंग्लंडातल्या कादंबऱ्या वाचत होती. तिकडे राणी व्हिक्टोरियाचा काळ चालू होता. या काळाचा सगळ्यात लाडका लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स. वडील कर्जापायी तुरुंगात गेल्यामुळे डिकन्सला लहानपणी बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले होते. पुढे त्याने ऑलिव्हर ट्विस्ट आणि डेव्हिड कॉपरफील्ड यांसारख्या कादंबऱ्यांतून गरीब, अनाथ मुलांचे हाल मांडले. त्याच्या कादंबऱ्या आधी हप्त्याहप्त्याने छापून यायच्या आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. आज आपल्या घरी मालिकेच्या पुढच्या भागाची बघतात ना, तशीच.

डिकन्स वारला १८७० साली. तेव्हा हरिभाऊ सहा वर्षांचे होते. मोठेपणी त्यांनी डिकन्स, स्कॉट, थॅकरे यांच्या कादंबऱ्या भरपूर वाचल्या. रेनल्ड्स नावाचा आणखी एक इंग्रज कादंबरीकार त्या वेळी आपल्याकडे खूप वाचला जाई. हरिभाऊंची पहिली कादंबरी मधली स्थिती ही १८८५ साली पुणे वैभव या पत्रातून येऊ लागली, तिला रेनल्ड्सच्याच एका कादंबरीचा आधार होता. पण माणसं, घरं आणि प्रश्न पुण्यातले होते. नवी विद्या शिकलेली पण जुन्या आणि नव्याच्या मध्येच लटकलेली पिढी त्यांनी त्यात रंगवली. मराठी वाचकाला कादंबरीत पहिल्यांदाच आपला शेजारी दिसला म्हणा ना.

करमणूक साप्ताहिक

१८९० साली हरिभाऊंनी करमणूक हे साप्ताहिक सुरू केले. नावातच हेतू आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं, वाचता वाचता चार गोष्टी शिकाव्यात, असं ते पत्र होतं. त्यात कादंबरीचा हप्ता असे, लहान गोष्टी असत, थोरांची चरित्रे आणि विज्ञानाची माहितीही असे. हे साप्ताहिक त्यांनी एक-दोन नाही, तब्बल अठ्ठावीस वर्षे चालवले.

शाळेची भित्तिपत्रिका चालवणाऱ्या शिक्षकांना यातलं कष्ट लगेच कळेल. आपली तीन महिन्यांत बंद पडते! हरिभाऊ दर आठवड्याला लिहीत होते, आणि बऱ्याचदा एकाच वेळी दोन कादंबऱ्या चालू असत. एक सामाजिक, एक ऐतिहासिक. काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या.

त्या वेळी शिकलेल्या बायकांची संख्या अगदी थोडी होती. पण घरात एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही पद्धत होती. त्यामुळे माजघरातल्या बायकांपर्यंतही कादंबरी पोचू शकत होती. आणि करमणूकमध्ये सुरुवातीलाच जी कादंबरी आली, ती माजघरातूनच बोलणारी होती.

यमूची गोष्ट

पण लक्षात कोण घेतो? ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. ती यमुना नावाच्या मुलीची आत्मकथा आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका पुरुषाने ती एका मुलीच्या तोंडून सांगायला घेतली.

ती सुरू होते यमूच्या लहानपणापासून. भातुकली, भावाबरोबरची भांडणं, तापट वडील, सगळं सोसणारी आई. यमूची मैत्रीण दुर्गी. तिला नवरा वाईट मिळतो आणि तिच्या संसाराचे धिंडवडे निघतात. यमूचं नशीब त्या मानाने चांगलं. तिचे पती रघुनाथराव सुधारलेल्या विचारांचे असतात. ते तिला लिहायला-वाचायला शिकवतात. दोघं मुंबईत बिऱ्हाड करतात, समविचारी मित्रमंडळी मिळतात, आणि यमूला पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता येतो. मुंबईतली ती प्रकरणं वाचताना आपणही सुखावतो.

मग रघुनाथराव वारतात. यमूला परत सासरच्या वाड्यात यावं लागतं. तिथे शंकरमामंजी नावाचा, वरून धर्माचं सोंग आणि आतून नीच असा माणूस आहे. शेवटी यमूच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं. तिचा शेवटही लवकर होतो. ती लिहून ठेवते म्हणूनच आपल्याला हे सगळं कळतं.

शिक्षक म्हणून मला इथे एक गोष्ट जाणवली. यमूला जर नवऱ्याने अक्षरं शिकवली नसती, तर ही कादंबरीच झाली नसती. दुर्गीचं दुःख यमूपेक्षा कमी नाही, पण दुर्गीची गोष्ट आपल्याला यमूच सांगते. लिहिता येणारी आणि लिहिता न येणारी यांच्यात हा एवढा फरक पडतो. हरिभाऊंनी हे कुठे भाषण करून सांगितलेलं नाही, गोष्टीची रचनाच तशी केली आहे.

त्या वेळचे वातावरण

ही कादंबरी येत होती तेव्हा महाराष्ट्र या प्रश्नावरून ढवळून निघाला होता. आगरकरांनी १८८८ साली सुधारक पत्र सुरू केलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा वर्षं करण्यात आलं. एवढ्याशा बदलावरून केवढं रण माजलं होतं! टिळक आणि आगरकर, हरिभाऊंचे दोन्ही शिक्षक, या वादात समोरासमोर उभे होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला.

वर्तमानपत्रात दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली जात होती. शास्त्र काय म्हणतं, सरकारला अधिकार आहे का, यावर पुरुष पुरुषांशी भांडत होते. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती मुलगी त्या वादात फारशी बोलताना दिसत नव्हती. हरिभाऊंनी तिला बोलतं केलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

एका बाईचं मन त्यांना इतकं कसं कळलं असेल? काशीबाई कानिटकर या त्यांच्या जवळच्या स्नेही होत्या. काशीबाई लग्नानंतर घरच्या घरी, लपतछपत लिहा-वाचायला शिकल्या आणि पुढे स्वतः मोठ्या लेखिका झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र त्यांनीच लिहिलं. हरिभाऊ आणि त्यांच्यात पत्रव्यवहार होता, पुस्तकांवर चर्चा व्हायच्या. पुढे हरिभाऊंच्या आठवणी आणि पत्रंही काशीबाईंनी जगापुढे आणली. त्या काळात स्त्री-पुरुषांची अशी बरोबरीची, विचारांची मैत्री ही सोपी गोष्ट नव्हती.

वाचकांच्या आवडीच्या इतर कादंबऱ्या

आता परत त्या जेवणाच्या सुट्टीतल्या वादाकडे येते. कोणाला कोणती कादंबरी वाचायला सुचवावी, याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधलाय.

इतिहासाची आवड असेल तर उषःकाल. १८९५ ते १८९७ या काळात ती आली. शिवरायांच्या स्वराज्याची पहाट होत असतानाचा तो काळ आहे. टिळकांनी रायगडावर शिवजयंतीचा उत्सव सुरू केला तोही याच वर्षांत, १८९६ साली. तेव्हा लोकांना ही कादंबरी का भावली असेल हे लक्षात येतं. पुस्तक जाडजूड आहे, पण गुप्त वाटा, वेषांतरं, गडावरच्या हालचाली यांमुळे पानं उलटत राहतात.

थोडक्यात काही हवं असेल तर गड आला पण सिंह गेला. १९०३-०४ मधली ही कादंबरी तानाजी मालुसरे आणि कोंढाण्याच्या लढाईवर आहे. चौथीच्या मुलांना आपण हा प्रसंग शिकवतोच. बाबुराव पेंटर यांनी १९२३ साली याच कादंबरीवरून सिंहगड हा मूकपट काढला आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ साली त्याच नावाचा बोलपट केला. म्हणजे सिनेमावाल्यांनाही हरिभाऊंची गोष्ट लागत होती.

चंद्रगुप्त चाणक्याच्या काळात नेते, तर वज्राघात विजयनगरच्या साम्राज्याचा शेवट दाखवते. वज्राघात १९१३ ते १९१५ मधली, उतारवयातली, आणि जाणकार तिला फार मानतात.

समाजसेवेची ओढ असलेल्या तरुण शिक्षकांनी मी ही कादंबरी वाचावी. भावानंद नावाचा तरुण संसार न करता लोकांच्या सेवेला आयुष्य वाहून घेतो. ही कादंबरी १८९३ ते १८९५ मध्ये आली, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला १९०५ साली. म्हणजे पूर्ण वेळ देशसेवा करणाऱ्या माणसांची कल्पना कादंबरीत दहा वर्षं आधी येऊन गेली होती. गोखले हे हरिभाऊंचे स्नेही होते.

आणि माझी शिफारस विचाराल तर एक छोटी गोष्ट, काळ तर मोठा कठीण आला. दुष्काळात सापडलेल्या एका गरीब कुटुंबाची ही कथा आहे. १८९६-९७ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातच तिचं इंग्रजी रूपही लंडनमध्ये छापलं गेलं. एका बैठकीत वाचून होते, पण मनातून जात नाही.

विनोदी काही हवं असेल तर त्यांनी फ्रेंच नाटककार मोलिएरवरून केलेलं मारून मुटकून वैद्यबुवा हे नाटक आहे. रवींद्रनाथांच्या गीतांजलीचंही त्यांनी मराठी केलं. गणित सोडलं तर त्यांना काही वर्ज्य नव्हतं असं दिसतं!

लेखणीबाहेरचे हरिभाऊ

हरिभाऊंच्या काकांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. जुनी संस्कृत हस्तलिखिते जमवायची, जपायची आणि छापायची, हे तिचं काम. काकांच्या निधनानंतर या संस्थेचा कारभार हरिभाऊंनी सांभाळला. दिवसा जुन्या पोथ्यांची व्यवस्था आणि त्याच हाताने नव्या विचारांच्या कादंबऱ्या. त्यांना यात विसंगती वाटली नाही. जुनं जपायचं म्हणजे जुन्या क्रूर रूढीही जपायच्या असं त्यांनी मानलं नाही.

पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. प्लेगच्या साथीतही लोकांसाठी त्यांनी काम केलं. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचं निधन झालं. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

थोडं उणं-अधिक

थोरांचं चरित्र सांगताना आपण फक्त आरती करतो, ते मला पटत नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्या आज वाचताना अडखळायला होतं. वाक्यं लांब आहेत. मध्येच लेखक गोष्ट थांबवून वाचकाला चार शब्द समजावतो. हप्त्यांत लिहिल्यामुळे पसारा वाढलाय. सुरुवातीची शंभर पानं नेटाने वाचावी लागतात.

दुसरं म्हणजे त्यांचं जग बहुतेक पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वाड्यांतलं आहे. आपल्या जव्हार-मोखाड्याची, शेतावर, भट्टीवर किंवा मच्छी बाजारात राबणारी बाई त्यात फारशी भेटत नाही. दुष्काळाच्या गोष्टीसारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. आपल्या मुलींच्या गोष्टी लिहायचं काम अजून बाकी आहे, आणि ते कदाचित आपल्याच वर्गातली एखादी मुलगी करेल.

माझ्या वर्गातलं एक

आता हे सगळं पालघरच्या एका प्राथमिक शिक्षिकेला का सांगावंसं वाटलं, ते सांगते.

माझ्या हजेरीपटात एका मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागली होती. मी अहवालात सतत गैरहजर असं लिहून मोकळी झाले होते. पालक मेळाव्यात तिच्या घरचं कोणी आलं नाही, तेव्हा पालकांना शिक्षणाची आस्था नाही असाही शेरा मी मनातल्या मनात मारून टाकला होता. सुट्टीत यमूची गोष्ट वाचली. जून महिन्यात शाळा उघडली आणि पुन्हा त्या नावापुढे खूण करताना माझा हात थांबला. कादंबरीचं नावच मला प्रश्न विचारत होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गृहभेटीला गेले. मुलगी दारातच होती, कडेवर दोन वर्षांचा भाऊ. आई बोईसरला कंपनीत ठेक्यावर कामाला, कधी पहिली पाळी तर कधी दुसरी. वडील मिळेल त्या कामाला. धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नाही. आई घरी आली तेव्हा पाय धुवायच्याही आधी तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मुलीचं अक्षर चांगलं येतं का, हे विचारलं. आस्था नाही म्हणे! मला तिच्याकडे वर बघवेना.

अंगणवाडी ताईंशी बोलले. धाकटा वयाने लहान, नियमात पूर्ण बसत नव्हता, पण सकाळचे दोन-तीन तास बसवायला त्या तयार झाल्या. काही दिवस तो माझ्याच वर्गात मागच्या पट्टीवर खडू चघळत बसायचा. मुलगी आता आठवड्यातले चार-पाच दिवस येते. आईची पाळी बदलली की परत खाडा होतो. प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पण आता खाडा झाला की तो का झाला, हे मला माहीत असतं.

आणि बघा, यात मी नवीन असं काहीच केलं नाही. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणारी विकासवाडी उभी केली. ताईच्या कडेवरचा भाऊ खाली उतरल्याशिवाय ताईच्या हातात पाटी येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मला ते कळायला एक कादंबरी वाचावी लागली.

शिक्षक आणि पालकांसाठी काही उपक्रम

१. सातवी-आठवीच्या मुलांना हरिभाऊंची पूर्ण कादंबरी देऊ नका, कंटाळतील. यमूच्या लहानपणाचा भाग निवडून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा आणि रंगात आल्यावर थांबा. हप्त्याची गंमत मुलांना आपोआप कळेल.

२. मुलांना आजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईला भेटून तीन प्रश्न विचारायला सांगा. तुम्ही शाळेत किती शिकलात, शाळा का सुटली, आणि शिकायला मिळालं असतं तर काय केलं असतं? उत्तरं मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहावीत. वारली, कातकरी, वाडवळ, मांगेली, आगरी, जी घरची बोली असेल ती चालेल. शुद्धलेखन नंतर बघू.

३. वर्गाचं हस्तलिखित साप्ताहिक काढा. एक गोष्ट, एक विज्ञानाची माहिती, एका व्यक्तीचा परिचय, एवढंच. चार अंक निघाले तरी पुष्कळ झालं.

४. पालकहो, घरात आईला वाचता येत नसेल तर मुलीला रात्री पाच मिनिटं आईसाठी मोठ्याने वाचायला सांगा. पुस्तक कोणतंही चालेल. करमणूकची पद्धत तीच होती.

५. शिक्षकांसाठी एकच. हजेरीपटातलं सगळ्यात जास्त खाडे असलेलं एक नाव निवडा आणि या महिन्यात त्या घरी जाऊन या. जाताना वही-पेन नेऊ नका, नुसतं बसा आणि ऐका.

तुमची हरिभाऊंची आवडती कादंबरी कोणती, तेही नक्की कळवा. पुढच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीतल्या वादात मीही उतरणार आहे, आणि या वेळी माझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.